वाणात वाटलेला नवरा

त्या जानेवारीत आमच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नव्हती, कारण तिथे माझा नवरा उभा होता. एकटा नव्हे. भिंतीला टेकून ओळीने, एकामागे एक, तोच चेहरा, तोच निळा शर्ट आणि तेच हसू. पासपोर्टच्या फोटोत हसू नका म्हणून सांगितल्यावर माणसाच्या ओठांचं जे काही होतं, तसलं ते हसू होतं. फोटो आमच्या मुलीने घरामागच्या डेकवर, लाकडी ओट्यावर, काढला होता. ती "स्माइल, बाबा!" म्हणत होती, तो "पण कशाला?" विचारत होता, आणि नेमका त्याच क्षणी कॅमेरा वाजला.

आम्ही क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात राहतो. मी फार्मसिस्ट, हा पाण्याच्या पाइपलाइनचा इंजिनिअर, मुलगी हायस्कुलात, आणि सासूबाई मिरजेहून येऊन आता कायमच्या इथल्या झालेल्या. नवरा इतका भिडस्त की हॉटेलात चुकीची भाजी आली तर आपण तीच मागवली होती असं तो स्वतःला पटवून देतो. इथे बसमधून उतरताना सगळेच ड्रायव्हरला थँक यू म्हणतात, हा वर सॉरीही म्हणतो. असा माणूस निवडणुकीला उभा राहिला याचं श्रेय सासूबाईंच्या दुधाला आहे.

आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरून कारखान्यांकडे जाणारे ट्रक दिवसभर धावतात, आणि रस्त्यापलीकडे डेअरी आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला इथे डेअरी म्हणतात. सासूबाईंना दूध रोज आणि ताजंच लागतं. आठवड्याचं दूध एकदम आणून ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी आळशीपणाची परिसीमा. म्हणून रोज सकाळी त्या साडीवर स्वेटर चढवून रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या आणि ट्रकांमध्ये फट शोधायच्या. त्यांचे गुडघे आणि त्या फटी यांचा मेळ बसेना. नवऱ्याने तिथे झेब्रा क्रॉसिंग मागितलं. काउन्सिलने नम्रपणे नोंद घेतली. त्याने पुन्हा मागितलं, त्यांनी पुन्हा नोंद घेतली, आणि या नोंदी घेण्यात दोन हिवाळे गेले.

मग आमच्या भागाच्या कम्युनिटी बोर्डावरचा एक सभासद इथल्या रीतीप्रमाणे ऑस्ट्रेलियाला निघून गेला. कम्युनिटी बोर्ड म्हणजे रस्ते, बागा, बाकं आणि कचऱ्याचे डबे यांवर गंभीरपणे बोलणारी निवडून आलेली छोटी समिती. जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली, आणि एका संध्याकाळी आमटी वाढून घेता घेता हा म्हणाला, "मी फॉर्म भरलाय." मला वाटलं, लायब्ररीचा.

इथे उमेदवाराच्या फोटोच्या पाट्या लोक आपापल्या कुंपणांवर लावतात, आणि आमच्या पाट्यांवर घोषवाक्य हवं होतं. याने बरीच डोकेफोड करून काढलं, 'अ बिट सेफर'. म्हणजे थोडंसं सुरक्षित.

"अरे, 'थोडंसं' कशाला?" मी ओरडले. "लोक जग बदलायला निघतात आणि तू थोडंसं?"

"पूर्ण सुरक्षित कसं म्हणू? एका झेब्राने तेवढं होत नाही. खोटं ठरेल."

त्याच्यासमोर उभा होता घरं विकणारा एक हसरा गृहस्थ. त्याचा चेहरा मुळातच बारा महिने लोकांच्या कुंपणांवर असायचा. निवडणूक आल्यावर त्याला 'फॉर सेल'च्या जागी फक्त दुसरे शब्द घालायचे होते. आमच्या रस्त्यावरची अर्धी घरं विकायला निघाली आहेत की अर्धा रस्ता त्याच्या बाजूने आहे, हे कुणालाच कळेना. आमच्या कुंपणावर आमची एक पाटी. कामावरून परतताना रोज नवरा मला फाटकातच भेटायचा, आणि सवयीने मी त्याला सांगायची की पाय पुसून आत ये.

"दुसऱ्या कुणाच्या तरी कुंपणावर एक तरी लागायला हवी गं," हा एकदा म्हणाला. "आपल्याच कुंपणावर आपलंच नाव, ही काय निवडणूक झाली? ही नेमप्लेट झाली."

तो हे हसत म्हणाला, पण मी त्याला ओळखते. हरण्याची त्याला फिकीर नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस चार लोकांपुढे उभा राहिला होता, आणि आपल्या शेजारी उभं राहायला कुणीही आलं नाही तर काय, ही त्याची धास्ती होती. इथे मत पोस्टाने पाठवतात, ते पाकिटात बंद असतं. कुंपण सगळ्यांना दिसतं.

मी पुण्याची. पाटी लिहिणं आमच्या रक्तात आहे, पण आमच्या पाट्या माणसांना हाकलण्यासाठी असतात, बोलावण्यासाठी नव्हे. त्यामुळे लोक हौसेने दुसऱ्याचं थोबाड आपल्या कुंपणावर का लावतात, हे मला कधीच समजलेलं नव्हतं. आमच्या लहानपणी रात्रीत कुणीतरी कंपाउंडच्या भिंतीवर पोस्टर चिकटवून जायचं, आणि वडील सकाळी बादलीभर गरम पाणी घेऊन ते खरवडत बसायचे. पक्ष कुठलाही असो, खरवडणं तेच.

समोर डेअरीला लागून एक म्हातारे गृहस्थ एकटे राहतात, जन्मभर ट्रक चालवून आता निवृत्त झालेले. त्यांच्या कुंपणावर प्रत्येक निवडणुकीत पाटी असते. या खेपेला घरं विकणाऱ्याची होती. मी एकदा न राहवून विचारलंच, की तुम्ही पाटी का लावता?

त्यांनी थोडा विचार केला. "माझा भाऊ रोज इथून जातो," ते म्हणाले. "त्याला राग येतो."

"आणि तो माणूस तुम्हाला पटतो?"

"कोण?" त्यांनी मागे वळून पाटीकडे पाहिलं. "हां, हा. ठीक आहे की."

इतकं प्रामाणिक उत्तर मला आपल्या लोकांत कुठे मिळालं नाही. आमचं ओळखीचं मराठी वर्तुळ मोठं आहे, डॉक्टर, नर्सेस, आयटीवाले, सगळे. रिकार्टनच्या भारतीय दुकानात पिठाची गोणी उचलता उचलता भेटायचे आणि याचा हात हातात घेऊन म्हणायचे, "वा वा, अभिमान वाटतो! मत तुम्हालाच!" मी लगेच विचारायची, मग पाटी आणून देऊ का? की चेहरे बदलायचे. एकाचा घरमालक चिडका होता. एकाची झुडपांची हेज नुकती कापली होती. एका डॉक्टरांना पेशंट काय म्हणतील याची काळजी होती. एक जण सिटिझनशिपची वाट बघत होता, आणि सरकार त्याच्या घरावरून जाताना नेमकं कुंपणाकडे बघेल अशी त्याची खात्री होती. एक तर म्हणाले, "वहिनी, आम्हाला कुंपणच नाही," आणि मी मागच्या महिन्यात त्याच कुंपणाला गाडी घासली होती.

हा प्रत्येकाला "अहो, काही हरकत नाही" म्हणायचा. माझी हरकत होती. मी घरी आले की भांडी आपटायची.

"आपली माणसं मागितलेलं देत नाहीत," सासूबाई शेवटी म्हणाल्या. त्या तिळाचे लाडू वळत होत्या. "पण दिलेलं टाकतही नाहीत. अगं, संक्रांत तोंडावर आलीय. हळदीकुंकू कर आणि पाटी वाण म्हणून दे. वाणाला नाही म्हटलेलं ऐकलंयस कधी?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मिरजेत वाट्या, चमचे, कंगवे, साबण, गाळण्या असलं सगळं वाण म्हणून लुटलं गेलं होतं. पोटचा मुलगा लुटायची कल्पना मात्र त्यांचीच. आमच्याकडचं हळदीकुंकू नाहीतरी वेगळंच असतं. सासरे गेल्यावर पहिल्याच संक्रांतीला सासूबाईंनी जाहीर केलं होतं की या घरात हळदीकुंकू सगळ्या बायकांचं, आणि ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपापलं कुंकू घरीच लावून घ्यावं. तेव्हापासून आमच्याकडे गर्दी वाढलीच होती.

नवरा ऐकून पांढराफटक पडला. उमेदवारांच्या नियमावलीत ट्रीटिंग नावाचा गुन्हा होता. मतदारांना खाऊपिऊ घालून मत वळवायचं नाही. सभेनंतर हलका अल्पोपाहार तेवढा चालतो.

"मग विचार फोन करून," मी म्हटलं.

त्याने स्पीकरवर फोन लावला. निवडणूक कार्यालयातल्या बाई अतिशय गोड होत्या. "किया ओरा," असा इथला माओरी नमस्कार त्यांनी केला, आणि याने माफी मागून सुरुवात केली. साबुदाणा वडा हा हलका अल्पोपाहार होतो का, असा त्याचा पहिला प्रश्न होता. बाईंनी त्याचं वर्णन करायला सांगितलं. हा इंजिनिअर. त्याने व्यास, जाडी, बटाट्याचं प्रमाण आणि तळण्याची पद्धत सांगितली.

"हे बसून जेवायचं जेवण आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही, उभ्यानेच खातात," हा म्हणाला, आणि याचा प्रामाणिकपणा मध्येच उफाळून आला, "पण तीन खाल्ले की बसावं लागतं."

मी कपाळावर हात मारला. मग तिळगुळाचा विषय निघाला. आम्ही प्रत्येकीला एक लहान लाडू देतो, त्याने समजावलं, आणि देताना म्हणतो, हा घ्या आणि गोड बोला.

"कुणाबद्दल गोड बोला?" बाईंनी हळूच विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुठल्याही मराठी माणसाला पडला नसेल. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी असं ठरलं की आधी रीतसर सभा व्हावी, उमेदवाराने भाषण करावं, मग चहा-बिस्किट आणि प्रथेचा एकेक लाडू, बस्स. पाटीचं काही नाही, पाटीला किंमत नसते, असं त्या म्हणाल्या. हे त्यांनी कायद्याच्या अर्थाने म्हटलं होतं, पण नवऱ्याने ते जरा मनाला लावून घेतलं.

"बिस्किटं?" सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "माझ्या घरी बायका येणार आणि त्यांना बिस्किटं? नाक कापलं माझं!"

रविवारी दुपारी सगळ्या आल्या. संक्रांतीला काळं नेसायचं ते थंडीत ऊब मिळावी म्हणून, पण इथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. माझ्या बैठकीच्या खोलीत काळ्या साड्या घामाने निथळत होत्या. पुढची अडचण ऐनवेळी उभी राहिली. भाषण उमेदवाराने करायचं होतं, आणि हळदीकुंकवात पुरुष येऊन कसा चालेल? सासूबाईंनी निकाल दिला, त्याने डेकवर उभं राहावं आणि बाहेरून बोलावं. सरकतं काचेचं दार बंद ठेवलं तर याचे नुसतेच ओठ हलताना दिसत. उघडलं की माश्या आत येत. मुलगी दाराशी उभी राहून याने वाक्य सुरू केलं की दार उघडायची आणि संपलं की बंद करायची. त्यात हा सुरुवात आणि शेवट यांत फारसा फरक न करणारा वक्ता.

तो ट्रकच्या वेगाबद्दल बोलला, रस्त्याच्या वळणाबद्दल बोलला. आईच्या गुडघ्यांबद्दल बोलताना जरा अडखळला. मग प्रश्न आले. आमच्या बसस्टॉपला शेड मिळेल का? "ते बहुतेक माझ्या हातात नसेल," हा म्हणाला. आमच्या दारातलं झाड कापाल का? "झाड चांगलं आहे," हा म्हणाला. एकीलाही करतो म्हणाला नाही. मी दात ओठ खात आतून खुणा करत होते. त्याला वाटलं मी त्याला आटोपतं घ्यायला सांगतेय, म्हणून त्याने आभार मानले आणि संपवलं.

आणि तेवढ्यात वास आला. सासूबाईंनी वडे तळले होते. "पाहुण्यांसाठी नाहीत, घरच्यांसाठी आहेत," त्यांनी स्वयंपाकघरातून खणखणीत आवाजात कायदा सांगितला. भाषणाच्या धास्तीने सकाळपासून उपाशी असलेल्या घरच्या माणसाला त्यांनी मागच्या दाराने डेकवर ताटली नेऊन दिली. तो आपल्याच तंद्रीत तिथेच खुर्चीवर बसला आणि खाऊ लागला. काचेच्या आत हातात एकेक बिस्किट घेतलेल्या बायका, आणि काचेबाहेर चटणीत बुडवून वडे खाणारा उमेदवार. मी आजवर अनेक निवडणुका पाहिल्या आहेत. मतदारांसमोर बसून असं जेवलेला नेता मी दुसरा पाहिला नाही.

मग हळद, कुंकू, फूल, तिळगूळ, आणि पाटी. "अय्या, केवढं मोठं!" म्हणत एकेकीने याला काखेत मारलं. कुणीही नको म्हणाली नाही. पाटी पन्हळी प्लॅस्टिकची, वजनाला काहीच नाही, खाली रोवायला काठी. गाड्यांच्या डिक्यांमधून नवरा चारी दिशांना गेला. गॅरेज रिकामं झालं. मी आनंदाने सासूबाईंना मिठी मारली आणि आम्ही दोघींनी उरलेले वडे संपवले.

पुढचा सगळा आठवडा मी कामावरून येताना वाट वाकडी करून लोकांची कुंपणं बघत हिंडले. एकही पाटी नाही. मला वाटलं लावतील शनिवारी. शनिवारही गेला. मग मी काही ना काही निमित्त काढून एकेकीच्या घरी गेले, आणि माझा नवरा मला सापडायला लागला.

एकीच्या मागच्या अंगणात त्याच्यावर सांडगे वाळत होते. दोन्ही गालांवर ओळीने, कपाळावर जरा मोठे. "इतकी छान आहे, धुतली की स्वच्छ!" ती कौतुकाने म्हणाली. एकीकडे त्याला आडवा करून त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. एकीची मुलं टॉग्ज घालून, म्हणजे पोहण्याचे कपडे घालून, हिरवळीच्या उतारावर पाणी सोडून त्याच्यावरून घसरत होती आणि तळाशी पोचली की 'स्वीट ॲज!', म्हणजे एकदम झकास, म्हणून ओरडत होती. एकीने मात्र त्याला मानाने दिवाणखान्यात ठेवला होता, तोंड आतल्या बाजूला.

"अगं, पण कुंपणावर लावायची ना!" मी म्हटलं.

"वाण ना ते?" तिने डोळे मोठे केले. "वाण कधी रस्त्यावर टांगतात का? उन्हापावसात खराब झालं असतं."

चूक माझीच होती, तिची नव्हे. वाण घरात ठेवायचं असतं, वापरायचं असतं, जपायचं असतं. आणि वाणाचं आणखी एक काय करतात, ते मी पार विसरले होते. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मला एका बाईंकडे हळदीकुंकवाला बोलावणं होतं. यजमानीण बाई मला फारशा ओळखत नव्हत्या. त्यांनी हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, चपटं, हलकं माझ्या हातात ठेवलं. काठी बाहेर आली होती. मी कागद कोपऱ्यात फाडला. निळा शर्ट.

एकीने दुसरीला दिला होता, दुसरीने तिसरीला, आणि फिरत फिरत माझाच नवरा मला वाण म्हणून परत मिळाला होता. वाटेत कुणीतरी रीतीप्रमाणे वाणाला हळदकुंकू वाहिलं होतं, ते नेमकं त्याच्या कपाळावर. मी त्यांच्या दारातच हसत सुटले. इतकी की माझंही कुंकू वितळून नाकावर आलं. यजमानीण बाई घाबरून पाणी आणायला गेल्या. गाडीत बसूनही हसू आवरेना. मी त्याला पुढच्या सीटवर बसवलं आणि बेल्ट लावला.

घरी येऊन मी सगळी हकीकत साग्रसंगीत सांगितली. सांडगे, लोणची, घसरगुंडी, सगळं. मुलगी लोळून हसली, सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हाही हसला. मग त्याने पाटी हातात घेतली, आपल्या कपाळावरचं कुंकू बोटाने चाचपलं, आणि म्हणाला, "म्हणजे एकालाही नकोय." त्याने पाटी भिंतीला टेकवली. "निकालाच्या आदल्या दिवशी सगळ्या उतरवायच्याच असतात. आपली एकच आहे. उद्याच काढून टाकतो."

एवढं वाईट मला फार दिवसांत वाटलं नव्हतं. सासूबाई लवकर झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत चहा घेऊन उभी होते. रस्त्याच्या कडेला सासूबाई होत्या, नेहमीसारख्या साडीवर स्वेटर. एका हातात पिशवी. दुसऱ्या हातात, काठीला घट्ट धरून, उंच उचललेला माझा नवरा, कपाळावर कुंकवासकट. त्यांनी याचं तोंड ट्रककडे वळवलं आणि रस्त्यात पाऊल टाकलं. ट्रक फुसफुसत थांबला. मागचाही थांबला. समोरून येणारी गाडी थांबली. सासूबाई मधोमध सावकाश, एकेक गुडघा सांभाळत, पलीकडे गेल्या. पलीकडे पोचल्यावर त्यांनी याला ड्रायव्हरकडे वळवून थोडा झुकवला. नमस्कार असावा.

मी जॅंडल्समध्येच, म्हणजे घरातल्या स्लिपरांमध्येच, धावत बाहेर गेले. "अहो आई! हे काय चाललंय?"

"कुणी टांगत नाही म्हणता ना?" त्या पलीकडून ओरडल्या. "नका टांगू! मला हात आहेत!"

मागे मुलगी दारात उभी होती. "मम," ती म्हणाली, "आजी'ज अ लेजेंड."

नवऱ्याने हात जोडून विनवलं, आई, हे धोक्याचं आहे. "धोक्याचं होतं," सासूबाई म्हणाल्या. "आता थोडंसं कमी आहे. तूच लिहिलंयस ना त्यावर?" त्या रोज जाऊ लागल्या, येताना एका हातात दूध आणि एका हातात मुलगा. तोपर्यंत पाकिटं घरोघरी पोचली होती, मतं पोस्टाने जात होती. ट्रकवाले त्यांना ओळखू लागले. काही जण लांबूनच वेग कमी करायचे आणि एकदा भोंगा वाजवायचे. कुंपणावरची पाटी काढायचं हा विसरला, किंवा विसरल्यासारखं केलं.

समोरचे म्हातारे गृहस्थ हे रोज आपल्या फाटकातून बघत होते. एका सकाळी त्या डेअरीतून परतल्या तेव्हा तेही त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडून आमच्या दारात आले. मला म्हणाले, अशी आणखी एक पाटी आहे का?

"पण तुमच्याकडे तर त्यांची आहे," मी म्हटलं.

"असू दे ना. ही शेजारी लावतो. भाऊ दुप्पट चिडेल." मग त्यांनी सासूबाईंच्या हातातल्या पाटीकडे पाहिलं. "मी चाळीस वर्षं ट्रक चालवला. एका बाजूला पाटी असली की ड्रायव्हर बघतो. दोन्ही बाजूंना असली की त्याला वाटतं, मध्ये काहीतरी आहे."

आमच्याकडे दुसरी नव्हतीच, सगळ्या वाणात लुटल्या होत्या. सासूबाईंनी विषय ओळखला आणि आपल्या हातातली कुंकू लावलेली पाटी पुढे केली. म्हाताऱ्यांनी तेव्हाच हातोडी काढली आणि ती आपल्या कुंपणावर ठोकली, आमच्या पाटीच्या बरोब्बर समोर. नवरा कामावरून आला, गाडी फाटकात वळवताना थांबला, उतरला आणि रस्त्यापलीकडे बघत राहिला. मग चालत गेला, म्हाताऱ्यांचा हात हातात घेतला, आणि काय बोलावं ते न सुचून "सॉरी" म्हणाला. मी दारात उभी राहून ढसाढसा रडले आणि वर हसतही होते. तेव्हा मला कळलं की लोक कुंपणावर पाट्या का लावतात. कारणं म्हाताऱ्यांसारखी काहीही असतील, भाऊ म्हणा, भांडण म्हणा. पण पाटीवर ज्याचं तोंड असतं, तो माणूस ती पाहून आत कुठेतरी खाली बसतो आणि दम घेतो.

निवडणूक हा हरला. घरं विकणारा गृहस्थ जिंकला, आणि मला सांगायला आवडत नाही, पण पहिल्याच बैठकीत त्याने आमच्या क्रॉसिंगचा विषय काढला. त्याचीही नोंद घेतली गेली. झेब्रा अजून नाही.

पण मला निकालाच्या दिवसाची सकाळ सांगायची आहे. आदल्या संध्याकाळी नियमाप्रमाणे दोन्हीकडच्या पाट्या उतरल्या होत्या. कुंपणं उघडी. सासूबाई पिशवी घेऊन निघाल्या, एक हात रिकामा. त्या कडेला उभ्या राहिल्या आणि मी खिडकीत आले. शेजारी हा, हातात चहा तसाच. मोठा ट्रक आला, लांबूनच वेग कमी झाला, आणि त्यांच्यापुढे थांबला. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकला.

"मॉर्निंग! व्हेअर्ज युअर बॉय टुडे?"

"घरी आहे!" सासूबाई खणखणीत मराठीत म्हणाल्या. "दमलाय बिचारा!" आणि रस्त्यात उतरल्या. त्या पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत ट्रक हलला नाही.

"थांबला बघ," हा म्हणाला. ट्रक निघून गेला, रस्ता मोकळा झाला, तरी तो तसाच खिडकीत उभा होता.